न मागता

आमच्या शाळेत कॉम्प्युटर आला तेव्हा मुलांपेक्षा आम्ही शिक्षिकाच त्याला जास्त घाबरलो. जोगेश्वरीतली छोटीशी शाळा होती ती, उशिरा बोलणाऱ्या आणि अजिबात न बोलणाऱ्या मुलांची. एका विश्वस्तांनी परदेशातून आणलेलं ते यंत्र टीव्हीला जोडायचं, प्रोग्राम कॅसेटवरून चढवायचा, आणि तो अर्ध्या वेळा चढायचाच नाही. त्या खोलीत चपला काढून जायचं. 'देव्हाराच हा,' असं मी म्हणायचे आणि हेडबाई डोळे वटारायच्या.

अंधेरीला संध्याकाळचा क्लास लावून मी प्रोग्राम लिहायला शिकले. माझा पहिला प्रोग्राम अगदी बाळबोध. पडदा काळा. बटण दाबलं की चेंडू यायचा, उड्या मारायचा आणि गुल व्हायचा. परत हवा? परत दाबा. पण आमची सगळी पद्धत त्यात आली होती. मुलाने काही केलं की हवं ते लगेच मिळालं पाहिजे, आणि केल्याशिवाय मिळता कामा नये. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, तेच हे. फक्त इंग्रजी पुस्तकांत ते फार लांबवून सांगितलेलं असतं.

वर्गात एक पाच वर्षांचा मुलगा होता. ऐकू यायचं, समजायचं सगळं, पण तोंडातून शब्द नाही. कॉम्प्युटरपुढे बसला की मात्र पठ्ठ्या बटण दाबदाबून चेंडू बोलवायचा आणि खिदळायचा. म्हणजे मागता येत होतं की त्याला! मग घरी का मागत नाही, ते बघायला मी त्याच्या चाळीत गेले, आणि अर्ध्या तासात माझं डोकं फिरलं.

मजल्यावर सगळी कोकणातली कुटुंबं. मुलाने माठाकडे नुसतं बघितलं की शेजारची आजी पेला घेऊन हजर. दाराकडे वळला की कोणीतरी पायात चपला सरकवणार. भूक लागायच्या आत घास. मशीनला माया नसते, म्हणून ते वाट बघतं. या लोकांना धीर कुठला?

'अहो, हा बोलेल कशाला?' मी त्याच्या आईला म्हटलं. 'त्याच्या वाटचं सगळं तुम्हीच बोलताय.'

ती घरी शिवणकाम करायची. नवरा गिरणी सुटल्यापासून चारकोपच्या एका कारखान्यात रखवालदार. मशीनवरचा हात थांबवून ती म्हणाली, 'बाई, मला दुसरं काही नको. एकदा मला आई म्हणू दे.'

मग मी अख्ख्या मजल्याची शाळा घेतली. पोराने तोंडातून आवाज काढल्याशिवाय कोणी काही द्यायचं नाही. आजी माझ्यावर धावूनच आली. 'पोराक पाणी देव नको म्हणतंस? तुझा काळीज आसा की धोंडो?'

'धोंडोच,' मी म्हटलं.

आधी नुसती रडारड झाली. मग एके दिवशी 'पा' आलं, आणि त्याच क्षणी पेला. पुढे 'पाणी' आलं, 'चल' आलं, 'लाडू' तर फारच झकास आला. आता आजीच सगळ्यांत कडक मास्तरीण झाली. 'माग रे मेल्या, माग!' असं ती गॅलरीतून ओरडायची.

'आई' मात्र येईना. त्याची आई बिचारी रोज त्याच्यापुढे बसून छातीवर हात ठेवून म्हणून दाखवायची. मला कारण कळलं होतं, पण सांगायला जीभ रेटेना. शेवटी सांगितलं. 'पाणी हातात नसतं म्हणून तो पाणी मागतो. तुम्ही सदा त्याच्या हाताशी. तुम्हाला हाक कशाला मारेल?'

'म्हणजे मी जायचं?'

'एक रात्र.'

तिची बहीण खाडीपलीकडे मनोरीला दिलेली होती. शनिवारी दुपारी ती निघाली. मार्व्याला होडीत बसेपर्यंत रडत होती, असं पोचवायला गेलेल्या नवऱ्याने सांगितलं. मी पोराजवळ त्यांच्याच घरी थांबले होते. दिवेलागणीला पोराने शोध सुरू केला. मोरीत बघितलं, शिलाईच्या मशीनमागे बघितलं. मग उंबऱ्यावर उभा राहून त्याने स्पष्ट हाक मारली, 'आई!'

आजी पदराने डोळे पुसायला लागली. मला आनंद झाला, पण क्षणभरच. जिच्यासाठी हाक होती ती खाडीपलीकडे. बटण दाबलं होतं आणि चेंडू येत नव्हता. तो डोळा लागेपर्यंत हाका मारत राहिला. बापाने त्याला खांद्यावरून खाली ठेवलं नाही.

सकाळी ती परतली तेव्हा जिन्यातच सगळ्यांनी एकदम सांगायला सुरुवात केली. ती धावत आत गेली. पोरगं तिला जळूसारखं चिकटलं आणि काही म्हणजे काही बोललं नाही. कशाला बोलेल? ती होती ना.

'म्हण ना रे, एकदाच,' ती विनवत राहिली. मला ते बघवेना. त्याला आजीकडे दिलं, तिला गॅलरीत ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

आम्ही दाराला कान लावले. मग आतून आलं, 'आई.'

तिने तोंडावर हात दाबला.

'जा, जा, लगेच आत जा!' मी म्हटलं. हाक मारली की लगेच गेलं पाहिजे, मजल्यावरच्या शेंबड्या पोरालाही मी हे पढवलं होतं. ती हलली नाही. तिने माझं मनगट घट्ट धरलं.

'बाई, अजून एकदा. काल मी नव्हते ना ऐकायला.'

'आई!'

मी मनगट सोडवून घेतलं नाही.

'आई!' या खेपेला दारावर धपकाही बसला.

'आले रे, आले,' ती म्हणाली. पण आधी तिने नीट डोळे पुसले, आणि मगच कडी काढली.