सरावाचं खातं

निवृत्तीनंतर बाबांच्या डोक्यात फ्युचर्सचं खूळ शिरलं तेव्हा मी चिडलेच. सगळी नोकरी सेक्टर तीसच्या प्रयोगशाळेत मोजमापाची यंत्रं तपासण्यात गेलेल्या माणसाला आता पुढच्या तारखेचे सौदे करायचे होते. पण आई गेल्यापासून त्यांनी पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. म्हणून मी अट घातली: आधी सौदे करायचा ऑनलाइन प्लॅटफॉर्म पारखायचा, सरावाच्या खात्यावर, खोट्या पैशांनी. तो पास झाला तरच खरं खातं.

पारखणं हा तर त्यांचा जन्माचा धंदा. विमानतळाजवळच्या एयरोसिटीतल्या आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर प्रयोगशाळा थाटली गेली. चार्ट किती मागे पडतो, भाव मोबाइलवरच्या भावाशी जुळतो का, नेट गेलं तर टाकलेल्या ऑर्डरीचं काय होतं. जेवायला हाक मारली की "एक रीडिंग राहिलंय" म्हणायचे. मी वैतागायचे आणि त्यांची पोळी पुन्हा गरम करायचे.

शेवटी निकाल आला: नापास. म्हणे, चार्टवर एक क्लिक केलं की दोन ऑर्डरी जातात, आणि तोटा थांबवायची रेघ ओढली की भलत्याच भावावर बसते. मला मनातून हायसं वाटलं. त्यांना मात्र चैन पडेना. विमान उतरताना टेबल हादरत असेल म्हणून त्यांनी लॅपटॉप आतल्या खोलीत नेला. तिथेही तेच झालं.

मग ते खुर्चीतून उठले आणि मला बसायला सांगितलं. त्यांच्या प्रयोगशाळेची रीतच होती, रीडिंग चुकलं की यंत्राला दोष देण्याआधी माणूस बदलून बघायचा. मी क्लिक केलं. एकच ऑर्डर गेली. रेघ ओढली, ती जिथे सोडली तिथेच राहिली. मुद्दाम चूक करावी असं वाटून गेलं, पण ते मागे उभे राहून बघत होते.

त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला. बोटं थरथरत होती. थंडीभर ते चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, आणि मी समजत होते की त्यांना ऊब हवी असते.

"प्लॅटफॉर्म पास आहे," ते म्हणाले.

मी घाईघाईने म्हटलं, ऑर्डर जाण्याआधी विचारून घेण्याची सोय असते, ती लावून देते. त्यांनी नकारार्थी मान हलवली. खरं खातं नकोच म्हणाले. डॉक्टरकडे यायला मात्र एका शब्दात तयार झाले.

"पण सरावाचं बंद करू नकोस," ते हळूच म्हणाले. "मी सांगेन, तू क्लिक कर."

आता सुट्टी घेतली की मी बाजाराच्या वेळी त्यांच्याशेजारी बसते. ते भाव सांगतात, मी क्लिक करते. त्यांचा उजवा हात तेवढा वेळ माझ्या डाव्या हातात असतो. तिथेही तो थरथरतो, पण आता आम्ही विमानाला दोष देत नाही.