कॉलेजला लिहिलेलं पत्र

आमच्या गावात स्केट्सना धार लावावी ती ओरेस्टनंच. चाळीस वर्षांपूर्वी तो माझ्या मुलापेक्षा, वेस्लीपेक्षा, सरस आइस हॉकी खेळायचा. अमेरिकेतलं एक कॉलेज त्याला घेणार होतं. पुढं व्यावसायिक संघात जायची वाट तिथूनच होती. पण खेळून एक डॉलरही घेतलेला मुलगा तेव्हा कॉलेजला चालत नसे. ओरेस्टनं दोन सामन्यांचा खिसाखर्च घेतला होता. ती जागा वेस्लीला मिळावी म्हणून मी कॉलेजला तसं कळवलं. ओरेस्ट इथंच राहिला.

परवा नातवाचे, कोल्टनचे, स्केट्स घेऊन ओरेस्टकडं गेले. आता नियम बदललेत; कोल्टनला त्याच कॉलेजनं पगार देऊन बोलावलंय.

"मजा आहे, काकू!" ओरेस्ट म्हणाला. "आता व्यावसायिक संघवालेच म्हणतात, तिथं कमवा, तयार व्हा, मग या."

मला राहवेना. "ओरेस्ट, तेव्हाचं ते पत्र माझं होतं रे."

"ठाऊक आहे. कॉलेजच्या कोचनं दाखवलं होतं." त्यानं पात्यावरून अंगठा फिरवला. "आणि वेस्लीला तरी कुठं घेतलं? पत्राचं तिकीट फुकट गेलं तुमचं!"

मला हसू आलं नाही.

"कोल्टनला सांगितलंत?"

"नाही."

"नका सांगू. पोरगं आजीला फार मानतं."

बाहेर गाडीत कोल्टन वाट बघत होता. मला त्याच्याकडं बघवेना.