केमोला नकार द्यायला गेलो तेव्हा

माझी श्रद्धा दांडगी, पण सोयीची. ऑपरेशन करून फुफ्फुसातली गाठ काढली, तसा मी शनिदेवाला तेल वाहून मोकळा झालो आणि ठरवून टाकलं की देवाने आपलं काम केलं, आता डॉक्टरांनी मधे पडू नये. डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. हा लहान पेशींचा कॅन्सर फार झपाट्याने पसरतो, बहुतेकांना ऑपरेशनची संधीच मिळत नाही. तुमची गाठ लवकर सापडली म्हणून काढता आली, पण मागून केमो घ्यावीच लागेल, चार वेळा. केस जाण्याची मला भीती नव्हती, कारण जायला फारसे उरलेच नव्हते. ओकाऱ्यांना मात्र घाबरलो होतो. खरं तर मरणालाच, पण ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

तिला ‘तपासून येतो’ म्हणालो आणि नकार द्यायला नगरच्या दवाखान्यात गेलो. आम्ही शिंगणापूरचे. घराला दार नाही, नुसता पडदा. त्यामुळे दार वाजवून आत जायची सवय जन्मात लागली नाही. डॉक्टरांची म्हणून ज्या खोलीचं दार ढकललं, ती निघाली केमोची. आत एक म्हातारी बाई, हाताला सलाईन, चहात बिस्कीट बुडवत बसलेली.

“आत आला तर बसा की भाऊ. कोन गाव?”

ती सोनईची होती. दोन मिनिटांत तिने सगळं काढून घेतलं, बायकोपासून लपवलेली भीतीसुद्धा.

“पण गाठ तर निघाली ना मावशी?”

“हराळी कधी खुरपली का न्हाई? वरून रान साफ दिसतं. मुळ्या आतच ऱ्हात्यात.”

आयुष्यभर हराळीशी झगडलेला शेतकरी मी.

“मला बी हाच आजार हाय,” ती म्हणाली, “पर कापायजोगा न्हाई. उशीर झाला म्हनले. तुमची गाठ देवानं काढू दिली, अन् तुमी नखरं करता व्हय?”

तिच्या आवाजात हेवा नव्हता, थोरल्या बहिणीचा राग होता. मला रडूच कोसळलं. तिने बिस्किटाचा पुडा पुढे केला.

त्याच दुपारी पहिल्या केमोची तारीख घेऊन घरी आलो. चारही झाल्या. ओकाऱ्या पोटभर झाल्या, बायकोने पाठ चोळली. आजवरच्या तपासण्या चांगल्या आल्यात. पूर्वी मी देवाला कामं नेमून द्यायचो. आता तो देईल ते घेतो. त्या बाईचं नाव विचारायचं तेवढं राहून गेलं. शनिवारी तेल वाहताना इतकंच म्हणतो, देवा, ती सोनईची बाई, तिला सांभाळ. स्वतःसाठी मागायचं घरी आल्यावर आठवतं.