खारं पाणी आटलं तेव्हा
कैऱ्या मिठाच्या पाण्यात घातल्या की त्या वासासरशी मला साठ सालाच्या आसपासचा दिग्रसचा एक उन्हाळा आठवतो. तान्हा मुलगा गेल्यावर माझी थोरली बहीण माहेरी आली होती आणि कुणाशीच बोलत नव्हती. तिच्या दिरानं मुंबईहून काचेच्या बरणीत खाडीतला एक पट्टेरी मासा आणून दिला होता. फक्त त्याच्याशी ती काहीतरी पुटपुटायची. उन्हानं पाणी आटलं की आम्ही मीठ विरघळवून बरणी पुन्हा भरत असू. एका दुपारी मासा कुशीवर कलंडला, कल्ले भराभर हलू लागले आणि ताई धावत बरणीपाशी आली. मी बरणी सावलीत नेली, पाणी गाळलं, ओलं फडकं गुंडाळलं. काही उपयोग होईना. ढोरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर आले, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “बैल असता तं सुई देल्ली असती, याले कुठी टोचू?” मासा गेला तर ताईही हातची जाईल, या धास्तीनं मी आणखी मीठ कालवायला घेतलं. तेवढ्यात तिनं बरणीत बोट बुडवून चाखलं आणि ओरडली, “अवं, जहर खारं झालं हे! वरण आटलं तं अजून मीठ टाकतेत काय? साधं पानी आन, अन् थोडं थोडं टाक!” इतक्या दिवसांनी तिचा आवाज ऐकला आणि मी मीठ तिथंच टाकून माठाकडे धावले. वाटी वाटी गोडं पाणी घातल्यावर तिन्हीसांजेला मासा सरळ झाला, पण पुढं आठवडाभरच जगला. ताईचं बोलणं मात्र पुन्हा थांबलं नाही. मी आता सत्तरी ओलांडली तरी ती फोनवर मला रागावते, आणि तिचा तो आवाज मला हवाच असतो.