तांबडी रेघ

खात्रीकाका हे नाव काही आईबापांनी ठेवलेलं नव्हतं. "खात्री काय?" असं दिवसातून पन्नासदा विचारून काकांनी ते स्वतःच कमावलं होतं. घराचं कुलूप तीनदा ओढून बघायचे, चौथ्यांदा बायकोला ओढायला लावायचे. ती म्हणायची, "एक दिवस मलाही ओढून बघाल, मीच आहे का म्हणून!"

नोकरी मात्र स्वभावाला साजेशी. लस बनवणाऱ्या प्रयोगशाळेत सुकवणीच्या मशीनवर बावीस वर्षं. ही लस टोचायची नव्हे, श्वासातून ओढायची. लसीचे डोळ्यांना न दिसणारे कण साखरेच्या पाण्यात कालवायचे आणि गरम हवेत त्याचा बारीक फवारा मारायचा. पाणी उडून जातं, साखर कणांना धरून ठेवते, मधेमधे भोकं राहतात. सगळी मेख त्या भोकांत. भोकं असली तर भुकटी हलकी, थेट फुप्फुसात उतरते. बुजली तर घशातच चिकटते आणि लस फुकट.

काकांची परीक्षा साधी. काचेच्या नळीत दहा ग्रॅम भुकटी ओतायची. तांबड्या रेघेपर्यंत चढली, तर भोकं शाबूत. गेले तीन आठवडे मात्र ती रेघेच्या बोटभर खाली राहत होती.

"साखर जास्त पडतेय," काकांनी साहेबांच्या कानावर घातलं.

साखर मोजायच्या त्या मापवाल्या ताई. लागून वर्ष झालेलं, नोकरी अजून कच्ची. काकांना त्यांचा पहिल्यापासून संशय. माप टाकताना गुणगुणतात म्हणजे काय! साहेबांनी ताईंना निरोप धाडला, तीन वाजता या, येताना कपाटाची किल्ली आणा. इथे किल्ली मागितली की माणूस समजायचं ते समजतो.

ताई तडक काकांपाशी आल्या. "पाठीमागे बोलण्यापेक्षा समोर उभं राहून बघायचं होतं, काका."

"बघतो की! भितो काय?"

चष्मा नाकावर ओढून काका तराजूपाशी उभे राहिले. ताईंनी माप टाकलं. कणभर इकडे नाही, कणभर तिकडे नाही. त्या दिवशी गुणगुणल्याही नाहीत. काकांनी त्याच मापाची भुकटी काढली. ती रेघेच्या खालीच राहिली.

मग चोर कोण? काकांचा संशय आता मेकॅनिककडे वळला. मशीनचा उष्णतेचा जुना मीटर तीन अंश जास्त दाखवायचा. म्हणून काका गुपचूप काटा त्रेचाळीसवर ठेवायचे आणि वहीत ठरलेले चाळीस लिहायचे. तीन आठवड्यांपूर्वी मेकॅनिकने मीटर बदलला. "एकदम चोख आहे, काका," म्हणाला. काकांनी मनात म्हटलं, खात्री काय? आणि काटा त्रेचाळीसवरच ठेवला.

आता बेट्याला पकडतोच, म्हणून काकांनी खणातला स्वतःचा थर्मामीटर काढून गरम हवेच्या तोंडाशी धरला. त्रेचाळीस. मीटरवरही त्रेचाळीस. काकांनी पुन्हा धरला. पुन्हा त्रेचाळीस. तीन अंशांच्या जादा उष्णतेने कण मऊ पडून एकमेकांना चिकटत होते, भोकं बुजत होती. अख्ख्या जगावर संशय घेतला, एकाच माणसावर घ्यायचा राहिला होता.

पावणेतीन झाले होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. काटा गुपचूप खाली आणला तर कुणाला कळतंय? ताई गेल्या, भुकटी सुधारली, म्हणजे दोष ताईंचाच! हे किती सहज सुचलं, याची काकांना भीती वाटली. वही उचलून ते साहेबांच्या खोलीत शिरले. ताई आधीच समोर उभ्या होत्या, त्यांची किल्ली टेबलावर पडली होती.

"साहेब, चूक माझी आहे. वहीतले आकडे खोटे आहेत."

साहेब हसले. "दया आली म्हणून अंगावर घेताय, काका. बावीस वर्षांत तुमचं काही चुकलं नाही. खात्री काय, हे खरंय याची?"

काकांनी दोघांनाही मशीनपाशी नेलं, काटा चाळीसवर आणला, नवी भुकटी काढून नळीत ओतली. ती चढत चढत तांबड्या रेघेला टेकली.

साहेबांचं हसू मावळलं. त्यांनी वही काखोटीला मारली आणि काकांपुढे हात पसरला. काकांनी कमरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली.

साहेब गेले, तरी ताई थांबल्या. "काटा चाळीसवरच आहे ना, काका?"

"आहे."

तरीही त्या वाकल्या आणि मीटर स्वतः वाचला. काका बाजूला सरकले.