रहिमुन्निसाला पाठ असलेले हात

हसनाबादेत कोणाच्या घरात काय शिजतंय हे मला साधारण ठाऊक असतं. माझं शिलाईचं दुकान बाजाराच्या तोंडाशी, आणि शिलाई मशीन ही अशी चीज आहे की पाय चालू असले तरी कान मोकळे राहतात. पण समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या रहिमुन्निसाबद्दल चाळीस वर्षांत जे कळलं नव्हतं ते मला गेल्या वर्षी कळलं. तेव्हापासून मी तिला जपून चिडवतो. बंद केलेलं नाही. जपून.

रहिमुन्निसा बांगड्या भरते. अंगानं काडी, तोंडात पान, डोळ्यांवर दोऱ्यानं बांधलेला चष्मा. समोर बाई बसली की ही तिचा हात ओढून घेते, साबणाच्या पाण्यानं ओला करते, अंगठ्याखालचा मांसल भाग असा काही मुडपते की बाई ‘आई गं’ म्हणेपर्यंत बांगडी मनगटात जाऊन बसलेली. सासूबाईंच्या हाताखाली शिकली, आणि आता गावातल्या तीन पिढ्यांचे हात तिच्या हातातून गेलेत. मी तिला म्हणायचो, “भाभी, गावातल्या नवऱ्यांनी धरले नसतील एवढे हात तुम्ही धरले.” ती म्हणायची, “टेलरभाई, नवरे धरते तर बायका माझ्याकडे कशाला येत्या?”

आता चांगुणाबाई. ही आमच्या गावची बुंदी. म्हणजे गावात कोणतीही पंगत असो, बुंदी पाडायला चांगुणाबाईच. वय चौसष्ट, आवाज कढईएवढा. गेल्या वर्षी सप्त्याच्या पंगतीला उकळत्या पाकाची कढई कलंडली आणि पाक तिच्या डाव्या हातावर आला, मनगटापासून कोपरापर्यंत. पाक तेलासारखा ओघळून जात नाही, चिकटून बसतो. जालन्याला दवाखान्यात दीड महिना काढला, मांडीची कातडी काढून हातावर बसवली. हात वाचला, बोटं वळायला लागली. पण त्या हातावर तिच्या लहानपणी आईनं गोंदवलेली तुळस होती, ती गेली.

मला वाटलं, म्हातारी थोडे दिवस हळहळेल आणि विसरेल. पण तिनं खाणं कमी केलं. येताजाता लोक हाताची चौकशी करायचे, ती तेच बोलायची. “हात हाय, पण माझा न्हाई वाटत. आईचं दुसरं काय होतं मायाजवळ? ना फोटो, ना लुगडं. तेवढी तुळस होती.”

शेवटी नात आकांक्षा तिला जालन्याला घेऊन गेली. आकांक्षा तिथं कॉलेजात शिकते, आणि तिच्या ओळखीत सुमित नावाच्या एका पोराचं टॅटूचं दुकान आहे. सुमितच्या दोन्ही दंडांवर वाघ, गळ्यावर डमरू. चांगुणाबाई म्हणाली, “बाबा, तुझ्या अंगावर जागा उरली का आंघोळीला?” पण पोरगा समजूतदार निघाला. नव्या कातडीवर नको, उजव्या हातावर काढू म्हणाला. आणि कोणती तुळस, असं विचारून त्यानं फोनवर तीस-चाळीस तुळशी दाखवल्या. इतकी पानं, की रोपवाटिकेत आल्यासारखं वाटावं.

“यातली कोणतीच माझी न्हाई,” चांगुणाबाई म्हणाली.

“मग तुमची कशी होती?”

इथं गाडं अडलं. पन्नास-पंचावन्न वर्षं अंगावर वागवलेली तुळस तिला सांगता येईना. कुंडी होती, वर झाड होतं, कुंडीखाली पाच ठिपक्यांची रांग होती. झाड किती उंच, फांद्या किती, कुंडीला कंगोरे होते का गोल होती? सुमितनं वही बाजूला ठेवली. “आजी, हे एकदा बसलं की पुसता येत नाही. नक्की काय हवं ते ठरवून आणा. मग महिनाभर रोज पेनानं हातावर काढून वागवा. महिन्यानंतरही तेच हवं वाटलं, तर मी मशीन हातात घेतो.”

झालं, शोध सुरू झाला. आकांक्षानं फोनमधले सगळे फोटो उलटेपालटे केले. प्रत्येक फोटोत आजीचा हात एकतर पिठात, नाहीतर पदराखाली, नाहीतर डझनभर बांगड्यांनी झाकलेला. माहेरी वाटूरला भाऊ रामकिसनला फोन लावला. त्यानं पाच मिनिटं विचार केला आणि सांगितलं, “हिरवं काहीतरी होतं.” गल्लीतल्या बायकांना विचारलं तर एकीला मोर आठवला, एकीला नवऱ्याचं नाव. मीही माझं ज्ञान पाजळलं. मला तिथं विंचू असल्याचं पक्कं आठवत होतं. चांगुणाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सुईत दोरा ओवायला घेतला.

मग तिच्याच डोक्यात आलं, की हा हात उघडा कोणी पाहिला असेल तर रहिमुन्निसानं. जुन्या बांगड्या उतरवायच्या तिनं, नव्या भरायच्या तिनं. तशी ती ओट्यावर आली, कागद-पेन पुढं केलं आणि म्हणाली, “रहिमुन, माझं गोंदण काढ.”

“कागजावर मला न्हाई जमत गं,” असं म्हणत रहिमुन्निसानं पेन घेतलं आणि ओठ चावत चावत काढलं. काढलं ते काय? झुमका! वर ठिपके, खाली घुमटासारखा भाग, आणि त्याच्याखाली लोंबणारे मोती.

चांगुणाबाईचा आवाज पार बसस्टँडपर्यंत गेला असेल. “माझ्या मायनं तुळस गोंदवली आन् तू झुमका काढून राह्यली? चाळीस वर्षं हात धरलास तो आंधळ्यानं धरल्यासारखा धरलास का?”

“मला जे दिसलं ते काढलं. झुमकाच होता. आन् ठिपके चार होते, पाच न्हाई.”

“पाच!”

“चार!”

आठ दिवस दोघी बोलल्या नाहीत. खोटं कशाला सांगू, ते आठ दिवस माझे मजेत गेले. इकडचं तिकडं थोडं मीठ लावून पोचवलं. पण रहिमुन्निसाला ‘आंधळ्यानं’ हा शब्द फार लागला होता. मी गमतीनं म्हणालो, “जाऊ द्या भाभी, एवढ्या बायकांचे हात कोणाच्या ध्यानात राहतात?” तर ती बांगड्यांचा गठ्ठा सोडत होती, वर न बघता म्हणाली, “उषाबाईंच्या उजव्या कोपराजवळ एक ठिपका हाय, मोहरीएवढा. एकटाच. त्याच्या बाजूला जुना डाग, विळीचा.”

उषाबाई म्हणजे आमच्या मंडळी. मी दुकान तसंच टाकून घरी गेलो, आणि स्वयंपाकघरात जाऊन तिचा हात धरला. होता ठिपका. डागही होता. बायको म्हणाली, “काय हो, तब्येत बरी हाय ना? लग्नानंतर पहिल्यांदा हात धरलात, तेबी पीठ मळताना!” गावातल्या प्रत्येक बाईच्या बाहीचं माप मला तोंडपाठ, पण ते मापाला आणलेल्या ब्लाऊजवरून. बाहीच्या आतला हात या बाईला पाठ होता, आणि आजवर तिला तो कोणी विचारला नव्हता. त्या दिवशी मशीनवर बसून मी नुसता पायच हलवत होतो, सुईखाली कापड नव्हतं.

नवव्या दिवशी रहिमुन्निसा ओट्यावरून उठली, माझ्याकडून पेन मागून घेतलं, बांगड्यांची पिशवी काखोटीला मारली आणि चांगुणाबाईच्या घराकडे निघाली. बाजाराच्या दिवशी दुकान सोडून! मी अर्थातच मागं. कोणी बोलावलं नव्हतं, पण कोणी नको म्हणायच्या आत मी तिथं बसलोही होतो.

“उजवा हाथ दे,” रहिमुन्निसा म्हणाली.

“कशाला? आणखी एक दागिना काढतीस का?”

“बांगड्या भरते. बांगड्यांना तर न्हाई म्हणत न्हाईस ना?”

चांगुणाबाईनं हात पुढं केला आणि तोंड भिंतीकडं फिरवलं. रहिमुन्निसानं हिरवी बांगडी चढवली आणि वर सरकवली, जाईल तितकी. मग स्वतःशीच बोलू लागली. “पहिली ठिपक्यांवर जाऊन बसायची... हिच्या काचेखाली चार यायचे... अंगठ्याच्या अंगाला नुसती कातडी.” पेनानं चार ठिपके दिले. दुसरी बांगडी चढवली. “दुसरी न् तिसरीच्या मधी आडवी रेघ.” काढली. “चौथीला कमर बारीक.” अशी एक एक बांगडी चढत गेली, आणि दोन बांगड्यांमधल्या फटीत ती रेघ ओढत गेली. पाचवीपाशी थबकली, चष्मा वर केला, डोळे मिटले, बोटांनी बांगडी थोडी फिरवली आणि म्हणाली, “हां, इथं फांदी जरा वाकडी. गोंदणारीचा हाथ हलला असंल.” मला तिच्या तोंडाकडं पाहवेना आणि नजरही काढवेना. बाई आठवत नव्हती, वाचत होती. डझनभर बांगड्या म्हणजे तिच्या वहीच्या ओळी, आणि त्या हातावर काय कुठं होतं ते ओळ धरून सांगत होती.

बाराव्या बांगडीनंतर तिनं सगळ्या बांगड्या उतरवल्या. मी तिच्याच बाजूला बसलो होतो. समोर हातावर स्वच्छ झुमका!

“झालं,” रहिमुन्निसा म्हणाली. “जे होतं ते हे. पटलं तर पटलं.”

चांगुणाबाईनं रागानं पदराचं टोक ओलं केलं आणि पुसायला म्हणून मान वळवून हाताकडं पाहिलं. पदर तसाच वर राहिला.

म्हणून मी उठून तिच्या पाठीमागं गेलो आणि खांद्यावरून पाहिलं. अहो, तुळस! कुंडी, कमरेशी निमुळती, वर झाड, झाडाला मंजिऱ्या, एक फांदी वाकडी. बांगडीवाली समोर बसते. चाळीस वर्षं तिनं तो हात समोरून पाहिला, आणि चांगुणाबाईनं आपल्या बाजूनं. तुळस उलटी धरली की झुमका होतो, हे तिथं बसलेल्या आम्हा तीन शहाण्यांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

“रहिमुन,” चांगुणाबाईचा आवाज एवढासा झाला होता, “हीच हाय गं. ही वाकडी फांदी... हीच.” आणि मग, “पण ठिपके चारच?”

“चारच. पाचवा द्यायला हाथ उठला तरी मला खोटं वाटंल.”

चांगुणाबाईनं त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवलं. मग म्हणाली, “मी लई रडले होते. वाटूरला, आमच्या दारात. ती गोंदणारीण म्हणू लागली, एकच ऱ्हायला, पोरीला धरा. तर मायनं तिचा हात बाजूला सारला. म्हणली, राहू दे, बस झालं माझ्या लेकराला. आन् मला उचलून घरात नेलं.”

आता माझी जीभ. मी म्हणालो, “चांगुणाबाई, आता तुम्हाला काहीबी आठवंल.” रहिमुन्निसानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. मी खाली पेनाचं टोपण शोधायला लागलो.

तरी सुमितची अट होती. महिनाभर आकांक्षा शनिवार-रविवारी, आणि एरवी सून, आंघोळीनंतर पेनानं तुळस काढून द्यायची. आकांक्षाचं म्हणणं, पाच ठिपके दोन्हीकडून सारखे दिसतात, तेही वागवून पाहा. म्हणून पहिले पंधरा दिवस पाच ठिपके. चांगुणाबाई म्हणाली, “शेजारणीचा हात घेऊन फिरल्यासारखं वाटतंय.” पुढचे पंधरा दिवस चार. तेव्हा मी एक पाहिलं. ती दुकानाच्या पायरीवर बसून बोलत असली की डावा अंगठा आपोआप उजव्या हातावरच्या त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसायचा. तिला स्वतःला ठाऊकही नसायचं. जेवायलाही पहिल्यासारखी बसू लागली होती.

महिना भरल्यावर जालन्याला निघालो. निघालो म्हणजे त्या दोघी निघाल्या आणि मी जीपमध्ये जाऊन बसलो.

सुमितनं कागदावरचा ठसा हातावर उमटवला. रहिमुन्निसानं पिशवीतून एक बांगडी काढली, चढवली, वर सरकवली आणि म्हणाली, “बोटभर खाली आलंय, बेटा.” त्यानं पुसून पुन्हा उमटवला. “आता जरा तिरका.” पुन्हा पुसला. तिसऱ्यांदा बांगडी ठिपक्यांवर जाऊन बसली. “बराबर.” सुमितनं हातातली मशीन खाली ठेवली आणि विचारलं, “चाची, तुम्ही हे कुठं शिकलात?” ती म्हणाली, “शिकायला काय हाय त्यात? बघायचं फकत.”

मशीन सुरू करण्याआधी तो म्हणाला, “आजी, एकदा शेवटचं विचारतो. पाचवा ठिपका टाकू का? नाहीतर बघणारे म्हणतील, सुमित विसरला.”

“म्हणू दे. तिथं सुई लावायची न्हाई,” चांगुणाबाई म्हणाली. “तिथं मायनं हात आडवा घातलाय.”

सुमितनं पेन घेतलं, आणि चुकूनही तिकडं सुई जाऊ नये म्हणून त्या मोकळ्या जागेभोवती बारीक गोल काढला. पाऊण तास मशीन घरघरली. चांगुणाबाईनं हूं का चूं केलं नाही. फक्त सगळं झाल्यावर तो कापूस ओला करून तो गोल पुसायला लागला, तेव्हा म्हणाली, “हळू रे बाबा, तिथं हळू.”