इंजिनाशिवाय आणायचे मासे

तिबुर्सिओमामाच्या हातांना पेट्रोलचा वास कायमचा चिकटलेला. आमच्या किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीचं इंजिन कधी ना कधी त्या हातांनी उघडलेलं. मी शहरातून इंजिनांची पदविका घेऊन आलो, तेव्हा त्यानं बंद पडलेलं एक धूड माझ्यापुढे ढकललं आणि म्हणाला, "घ्या, साहेब. तुमचं प्रमाणपत्र याला दाखवा. लाजून सुरू होतं का बघू."

तेव्हापासून आम्ही एकाच छपराखाली काम करतो. दिवसभर पाना हातात, आणि कुणाच्या घरी पूर्वजांचं काही असलं की त्याच हातांनी मधला ढोल. मधला ढोल हा बाकीच्या दोन ढोलांचा म्होरक्या. तो चुकला तर सगळा नाच चुकतो. मामाचा ढोल चुकल्याचं मी कधी ऐकलं नाही.

अशा या माणसानं त्या वर्षी स्वतःच्या होडीचं इंजिन स्वतः उतरवून गोणपाटाखाली झाकून ठेवलं.

कारण माझी आई, साबिना. मामाची धाकटी बहीण. कित्येक आठवड्यांपासून तिच्या पोटात अन्न ठरत नव्हतं. शहरातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं ठीक आहे म्हणाले. ती मात्र वाळत चालली होती. शेवटी मामा परफेक्तामावशीकडे गेला. ती आमच्या गावची बुयेई, पूर्वजांशी बोलणारी. तिनं चिरूट पेटवला, धुराकडे बघत बसली आणि म्हणाली, "तोमासा भुकेली आहे."

तोमासा ही मामाची आजी, मी जन्मायच्या आधीच गेलेली. तिला दुगु हवा होता. म्हणजे सगळं कुळ एका झावळ्यांच्या देवघरात जमायचं, ढोल, नाच, आणि तिच्यासाठी बेटांवरून ताजे मासे.

"आणि मासे शिडानं, वल्ह्यानं आणायचे," परफेक्तामावशीनं बजावलं. "तिचा नवरा आणायचा तसे. इंजिनानं ओढलेलं ती तोंडात घालणार नाही."

सगळे आले. न्यूयॉर्कहून मोठ्या मामाची माणसं आली. एकमेकांशी न बोलणारे भाऊ शेजारी शेजारी झावळ्या विणायला बसले. आई देवघरात दोरीच्या झोळीत पडून त्यांची भांडणं ऐकायची, आणि एकदा चक्क हसली. मी ते बघितलं होतं. म्हणूनच मासे आणायला मामाचा मुलगा एवेलिओ आणि म्हातारा नोलास्को मामाच्या त्याच होडीला शीड लावून निघाले, तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही.

ठरल्या पहाटे ते यायला हवे होते. रिवाजाप्रमाणे नारिंगी रंगवलेले कपडे घालून बायका किनाऱ्यावर उभ्या राहिल्या. पण रात्रीतून उत्तरेचा वारा सुटला होता. उजाडलं ते राखाडी. समुद्र कुठे संपतो आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळेना. किनाऱ्यासमोरची पाण्यातली खडकांची रांग दिसत नव्हती, फक्त तिच्यावर फुटणाऱ्या लाटांचा आवाज येत होता. त्या रांगेतून आत यायला एकच अरुंद खिंड आहे.

मासे आल्याशिवाय ढोल वाजवायचे नाहीत. त्यामुळे सगळं गप्प.

"काका, मोटरबोट काढा ना," न्यूयॉर्कची देल्मिरा शेवटी बोललीच. "मेलेल्या आजीच्या जेवणासाठी जिवंत माणसं घालवायची का?"

"तू गप," कुणीतरी दटावलं.

"का गप?" हे ओर्तेन्सियामामी बोलली. एवेलिओची आई. "तिबुर्सिओ, माझा मुलगा आहे त्यात."

"माझाही आहे."

"मग पुतळ्यासारखा उभा काय राहिलास?"

मामानं देवघराकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "विल्मर, तू सांग. तुझी आई आहे."

परफेक्तामावशी पुढे आली. "त्याला कशाला विचारतोस? जा. तोमासाचं मी बघते. पण एक ऐक, तिबुर्सिओ. माणसं आण कशीही, मासे मात्र इंजिनानं ओढू नकोस."

शेजाऱ्याची मोटरबोट होती. मी इंजिनावर, मामा पुढे. खिंड अंदाजानं गाठली आणि बाहेर पडलो. बाहेर लाटा घरांएवढ्या.

"इंजिन बंद कर," मामा ओरडला.

"इथं? आडवे होऊ!"

"बंद कर म्हणतो ना! ते शंख फुंकत असले तर ऐकू कसा येणार?"

बंद केलं. होडी लगेच कलली, पाणी आत आलं. मामा मान तिरकी करून ऐकत होता. काही नाही. सुरू केलं, थोडं पुढे गेलो, पुन्हा बंद. दर वेळी दोरी ओढताना एकच विचार: हे इंजिन आता नाही सुरू झालं तर? पुन्हा बंद. पुन्हा ते कलणं. आणि मग, वाऱ्यात मिसळलेला, चिरका, अर्धवट, शंख.

डोलकाठी मोडून पडली होती. नोलास्कोचा खांदा निखळलेला. तो एका हातानं शंख तोंडाशी धरून होता. एवेलिओ एकटा वल्हवत होता, तरी होडी हळूहळू खडकांकडेच सरकत होती. ओल्या पानांखाली माशांच्या टोपल्या.

मी दोर फेकला. एवेलिओनं तो धरला नाही. दोर पाण्यात पडला.

"लांब ठेव ते इंजिन!"

"वेडा झालास का? मागं खडक बघ!"

"ओढून नेलेले मासे आजी खाईल? आत्या जेवेल मग? सांग ना!"

मला वाटत होतं, त्यानं तो दोर धरावा, आणि धरूही नये. खडकांवरचा फेस आता स्पष्ट दिसायला लागला.

"न्यूट्रलला टाक," मामा म्हणाला. त्यानं बूट काढले आणि सरळ पाण्यात उडी मारली.

तो त्यांच्या होडीपाशी पोचला. दोघांनी मिळून नोलास्कोला माझ्याकडे चढवलं. म्हातारा कळवळला, तरी बडबडत होता, "सांभाळून रे, मी काय मासा आहे फेकायला?" मामानं त्याचं वल्हं उचललं.

"तू पुढे हो, विल्मर. खिंडीतून. आम्ही मागोमाग."

"आणि दोर?"

"दोर नको. तू फक्त दिसत राहा."

मी हळू निघालो. एक डोळा खडकांवर, एक मागे. खिंडीच्या तोंडाशी मागून मोठी लाट उठली आणि ते दोघं दिसेनासे झाले. नोलास्कोनं डोळे मिटले. मी मिटले नाहीत. आधी वल्ह्याचं टोक दिसलं, मग मामाचं टक्कल, मग एवेलिओ. शिव्या घालत होता. इतक्या गोड शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या.

उथळ पाण्यात आल्यावर मी बाजूला झालो. वाळूला आधी माशांची होडी लागली.

बायकांनी गाणं सुरू केलं, पण परफेक्तामावशीनं हात वर केला. तिनं मामाचे दोन्ही तळवे नाकाशी धरले.

"पेट्रोल."

"समुद्रानं धुतलेत," मामा म्हणाला.

"तरी येतोय वास." तिनं पुन्हा एकदा हुंगलं. मग तिनं त्याचे हात सोडले. "हा वास गेला, तर तोमासा तुला कशावरून ओळखणार? जा, ढोल घे."

तो ओल्या कपड्यांनीच बसला. ढोल सुरू झाले. दुगु चालला तितके दिवस वाजवून त्याची बोटं सुजली, पण ठेका ढळला नाही.

शेवटच्या दिवशी आजीच्या ताटांपुढे मेजावर दारू ओतली. ती निळी पेटली, तर आजी जेवली असं समजायचं. पहिली काडी विझली. न्यूयॉर्कवाले आणि गाववाले, दोघंही मेजाकडे झुकले. परफेक्तामावशीनं दुसरी ओढली. निळी ज्योत मेजभर सरकत गेली.

"पेटली का?" झोळीतून आईचा आवाज आला.

"पेटली," मामा म्हणाला.

"मग माशाचं डोकं मला कुणी देणार आहे, की तेही म्हातारीलाच?"

मामा उठला. सुजलेल्या बोटांनी त्यानं सगळ्यात मोठं डोकं निवडलं, वाटीत घातलं, आणि तिच्याशेजारी वाळूत बसून काटे काढायला लागला.